त्रयस्थ साधनाने मोजलेला वाचक आणि प्रत्यक्षातला वाचक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मराठी पाक्षिकाच्या संकेतस्थळाची महिन्याची वाचकसंख्या गूगल अ‍ॅनालिटिक्स एक सांगते, होस्टिंगच्या पॅनेलमधले एडब्ल्यूस्टॅट्स जवळजवळ तिप्पट सांगते आणि क्लाउडफ्लेअरचा डॅशबोर्ड त्याहूनही मोठा आकडा दाखवतो. जाहिरातदार खरा आकडा मागतो आहे. शिवाय पानाच्या तळाशी पूर्वी कोणीतरी बसवलेला एक मोफत अभ्यागत-गणक आहे. तो चौथाच आकडा दाखवतो आणि तो ठेवावा की काढावा हेही आपल्याला ठरवायचे आहे.

या शेवटच्या भागाचे उत्तर लगेच देतो: तो गणक आजच काढून टाका. त्याची कारणे पुढे येतील. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की या साधनांपैकी एकही साधन माणसे मोजत नाही. प्रत्येक जण वेगळीच वस्तू मोजतो आणि तिला ‘अभ्यागत’ हे एकच नाव देतो. गूगल अ‍ॅनालिटिक्स ज्या ब्राउझरमध्ये त्याची स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर उतरून चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालू शकली असे ब्राउझर मोजते. त्यांना ओळखण्याची खूण म्हणजे त्या ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी नावाची छोटीशी नोंद. एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या रोजनिशीतल्या, नोंदी वाचते आणि वेगवेगळे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला मिळणारे क्रमांक, मोजते. क्लाउडफ्लेअरही आयपी पत्तेच मोजते, पण ते आपल्या सर्व्हरच्या पुढे उभे असल्यामुळे सर्व्हरपर्यंत न पोहोचलेल्या विनंत्याही त्याच्या हिशेबात येतात, आणि त्यांत यंत्रांनी केलेल्या विनंत्या मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे तिन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असूनही एकमेकांशी न जुळणे हेच स्वाभाविक आहे. भेटीच्या व्याख्येतही असाच फरक आहे. वाचक काहीही न करता तीस मिनिटे थांबला की गूगल अ‍ॅनालिटिक्स भेट संपली असे धरते, तर एडब्ल्यूस्टॅट्समध्ये ही मर्यादा एक तासाची असते. कथा अर्धी वाचून जेवायला गेलेला आणि चाळीस मिनिटांनी परत येऊन पुढचे पान उघडणारा वाचक एका ठिकाणी दोन भेटी ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी एकच.

आता त्रयस्थ, म्हणजे गूगलसारख्या बाहेरच्या कंपनीच्या, स्क्रिप्टच्या मोजणीतून कोण निसटते ते पाहू, कारण विश्वासार्हतेचा खरा प्रश्न तिथे आहे. वाचकाची नोंद होण्यासाठी एक साखळी पूर्ण व्हावी लागते: पान उघडले पाहिजे, त्यातली स्क्रिप्ट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून उतरली पाहिजे, ती चालली पाहिजे, आणि तिने पाठवलेला संदेश त्या कंपनीपर्यंत पोहोचला पाहिजे. कोणतीही कडी तुटली तर लेख शेवटपर्यंत वाचणारा माणूसही त्या साधनाच्या लेखी आलेलाच नसतो. युब्लॉक ओरिजिनसारखे जाहिरातरोधक माग काढणाऱ्या पत्त्यांच्या याद्या बाळगतात आणि गूगल अ‍ॅनालिटिक्सचा पत्ता त्यांत असतोच. ब्रेव्ह ब्राउझर ही स्क्रिप्ट मुळातच अडवतो, वाचकाला काही ठरवावे लागत नाही. फायरफॉक्सच्या खाजगी खिडकीत आणि कडक संरक्षण निवडलेल्या वाचकाकडेही तसेच घडते. याखेरीज ज्या गावात नेट मंद आहे तिथे मजकूर आधी दिसतो, मोजणीची स्क्रिप्ट मागून येते, आणि तेवढ्यात वाचक पुढे निघून गेलेला असतो.

ही गळती सर्वत्र सारखी असती तर एका गुणकाने ती भरून काढता आली असती. तसे होत नाही. संगणकावर काम करणारा तरुण वाचक जाहिरातरोधक वापरण्याची शक्यता अधिक. फोनवर क्रोममधून पाककृती पाहणारी वाचक बहुधा तो वापरत नाही. म्हणून प्रोग्रॅमिंगवरच्या मराठी लेखाचे वाचक जितके कमी मोजले जातात तितके अनारशांच्या लेखाचे मोजले जात नाहीत, आणि संपादकाने केवळ त्या आकड्यांवरून ‘तंत्रज्ञानाला वाचक नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो त्या लेखकांवर अन्याय ठरेल. असे निर्णय घेतले गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून हा मुद्दा मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

युरोपातल्या वाचकांची गोष्ट आणखी वेगळी आहे. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केले की आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट म्हणजे कुकीसाठी संमती नव्हे. त्यामुळे जर्मनी किंवा नेदरलँड्समधला मराठी वाचक संमतीच्या पट्टीवर ‘नको’ म्हणाला की नियम पाळणाऱ्या संकेतस्थळावर तो कुकीआधारित मोजणीबाहेर जातो. अशी भोके अंदाजाने बुजवण्याची सोय गूगलने केली आहे, परंतु त्यासाठी संमती नाकारलेल्या वाचकांच्या किमान एक हजार घटना (पान उघडण्यासारख्या नोंदी) रोज, निदान सात दिवस, जमा व्हाव्या लागतात. आपल्यासारख्या छोट्या पाक्षिकाला ती अट पूर्ण करता येणे कठीण आहे. आपल्या अहवालात युरोपातले वाचक अचानक आटलेले दिसत असतील तर आधी संमतीची पट्टी कोणत्या तारखेला बसवली ते तपासा.

निसटणाऱ्यांइतकाच मोठा प्रश्न एकाच माणसाच्या पुनःपुन्हा होणाऱ्या मोजणीचा आहे, आणि आपले नियतकालिक पाक्षिक असल्यामुळे तो आपल्याला विशेष लागू पडतो. गूगल अ‍ॅनालिटिक्सची कुकी दोन वर्षे टिकावी अशी रचना आहे. परंतु अ‍ॅपलने सफारीमध्ये २०१७ पासून माग काढण्याला आळा घालणारी यंत्रणा आणली आणि तिच्या फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टने, म्हणजे अशा पानातल्या स्क्रिप्टने, ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले. वाचक सात दिवसांच्या आत परत आला तर कुकीची मुदत पुढे सरकते. त्यानंतर आला तर तो नवा वाचक ठरतो. आता कॅलिफोर्नियातल्या आपल्या एखाद्या निष्ठावान वाचकाचा विचार करा. तो आयफोनवर, सफारीमधून, दर पंधरवड्याला अंक निघाला की न चुकता येतो. वर्षभरात सव्वीस अंक वाचणारा हा एकच माणूस अहवालात सव्वीस नवे वाचक म्हणून उभा राहतो, आणि ‘परत येणारे वाचक’ या रकान्यात त्याचे नावनिशाण नसते. अमेरिकेत आयफोन वापरणाऱ्यांचे प्रमाण भारतापेक्षा पुष्कळ अधिक आहे, म्हणून ‘परदेशातले वाचक एकदाच येतात, भारतातले टिकतात’ असे चित्र दिसत असेल तर त्यातला बराच भाग वाचकांच्या स्वभावाचा नसून ब्राउझरच्या नियमाचा असू शकतो. दैनिकाला हा फटका फारसा बसत नाही, कारण त्याचा वाचक सात दिवसांच्या आत परततो. पाक्षिकाला, मासिकाला आणि दिवाळी अंकाला मात्र तो पूर्ण बसतो.

फेसबुकच्या अ‍ॅपमध्ये दुवा उघडला की तो बहुधा अ‍ॅपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि त्याच्या कुकी क्रोमपासून वेगळ्या असतात. तिथेही एकाचे दोन होतात. उलट, घरातल्या एकाच संगणकावर आजोबा आणि नात दोघेही वाचत असतील तर दोघांचा मिळून एक होतो. वाचनालयातल्या संगणकाचेही तसेच.

आयपी पत्त्यांवरून मोजणारी साधने यातून सुटतात असे काहींना वाटते, पण त्यांची अडचण भारतात तर अधिकच आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांची टंचाई असल्यामुळे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्याच वेळी एकाच फोनचा पत्ता दिवसभरात अनेकदा बदलतो, सकाळी घरच्या वायफायवर एक, रस्त्यात दुसरा, कचेरीत तिसरा. एडब्ल्यूस्टॅट्सच्या आकड्यात या दोन्ही चुका एकत्र असतात आणि त्या एकमेकींना किती छेदतात हे बाहेरून कळत नाही.

शहरवार अहवालाबद्दल मी अधिक कडक आहे: तो जाहिरातदाराला दाखवूच नये. मोबाइलवरच्या वाचकाचे ठिकाण बहुधा कंपनीचे जाळे जिथून इंटरनेटला जोडले जाते त्या ठिकाणावरून ठरते, आणि त्यामुळे गडचिरोलीतला वाचक नागपूरचा किंवा थेट मुंबईचा दिसू शकतो. या तंत्राच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले आहे. मॅक्समाइंड या कंपनीच्या आयपी-नकाशात ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिका’ याखेरीज काहीच माहीत नव्हते त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिलेला होता, ३८ अंश उत्तर आणि ९७ अंश पश्चिम. तो बिंदू एका शेतघराजवळ पडला आणि त्यावर साठ कोटींहून अधिक आयपी पत्ते नोंदलेले होते. चोरीचे फोन आणि फसवणूक करणारे शोधत लोक आणि पोलिस वर्षानुवर्षे त्या घरी येत राहिले. २०१६ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाल्यावर कंपनीने तो बिंदू हलवला. नकाशावर ठिपका दिसला म्हणजे तिथे माणूस आहे असे नसते, हे तिथल्या कुटुंबाला फार मोठी किंमत मोजून कळले.

वाचक कोठून आला या रकान्याबद्दलही सावध राहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आलेल्या दुव्यावरून येणारा वाचक बहुतेक वेळा ‘थेट’ या सदरात पडतो, कारण ब्राउझरला मागचे पान कोणते ते सांगितलेलेच नसते. मराठी मजकुराचा मोठा प्रसार व्हॉट्सअ‍ॅपवरून होतो, म्हणून आपल्याकडे ‘थेट’ म्हणजे ‘पत्ता लक्षात ठेवून आलेला वाचक’ हा अर्थ काढणे चूक आहे. आपण स्वतः गटांत पाठवता त्या दुव्यांना यूटीएम खुणा, म्हणजे दुवा कुठून आला ते सांगणारे शब्द, जोडल्यास हा गोंधळ बराच कमी होतो. या नावातला ‘यू’ म्हणजे अर्चिन ही कंपनी. त्या कंपनीला गूगलने २००५ मध्ये विकत घेतले आणि तिच्याच साधनातून गूगल अ‍ॅनालिटिक्स उभे राहिले.

आकडा फुगवणाऱ्यांत यंत्रे सर्वांत पुढे आहेत. लॉगमध्ये त्यांचा भरणा असतो, कारण शोधयंत्रांचे आणि चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम, स्क्रिप्ट न चालवताही पाने उतरवू शकतात. एडब्ल्यूस्टॅट्स ओळखीचे बॉट वेगळे काढते, पण क्रोमचे सोंग घेऊन येणारा बॉट त्याला माणूसच वाटतो. आपल्या तिपटीतला मोठा वाटा इथे असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. मात्र त्रयस्थ स्क्रिप्टही यापासून मुक्त नाही. २०१४-१५ च्या सुमारास गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये अशा भेटी दिसू लागल्या ज्या संकेतस्थळावर कधी झाल्याच नव्हत्या. आपल्या खात्याचा क्रमांक पानाच्या कोडमध्ये उघडाच असतो, आणि तो हाती असला की कोणीही गूगलच्या सर्व्हरला परस्पर खोटी नोंद पाठवू शकत असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर जगभरच्या असंख्य खात्यांत ‘भाषा’ या रकान्यात अमेरिकी निवडणुकीचा प्रचार दिसला होता. गाळण्या नंतर सुधारल्या, तरी नोंद वाचकाच्या ब्राउझरकडून येते आणि तिची शहानिशा करायला आपल्या बाजूला काहीच नसते, हा मूळ दोष आजही आहे.

साधन पुरवणारी कंपनी स्वतःच मोजपट्टी बदलते हा धोका लोक फार कमी लक्षात घेतात. १ जुलै २०२३ रोजी जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने साध्या खात्यांची मोजणी थांबवली आणि सर्वांना गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ वर जावे लागले. जुन्या पद्धतीत एकच पान पाहून गेलेला वाचक ‘बाउन्स’ ठरत असे. बारा मिनिटे दीर्घकथा वाचून समाधानाने गेलेल्या वाचकाची वेळही शून्य धरली जाई, कारण पुढचे पान उघडल्याशिवाय आधीच्या पानावरचा वेळ मोजता येत नसे. नव्या पद्धतीत दहा सेकंदांपेक्षा अधिक थांबलेला वाचक गुंतलेला मानला जातो, ‘बाउन्स’ ठरत नाही. ज्यांनी २०२२ आणि २०२४ चे ‘बाउन्स’ शेजारी ठेवून प्रगती झाल्याचे अहवाल दिले त्यांनी दोन वेगळ्या वस्तूंची तुलना केली. पुढे १ जुलै २०२४ नंतर जुना डेटा पाहण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी तो उतरवून ठेवला नव्हता त्यांच्या वाचकवर्गाचा अनेक वर्षांचा इतिहास गेला. संकेतस्थळांना लोकप्रियतेनुसार क्रम लावणाऱ्या अलेक्सा या सेवेची क्रमवारी जाहिरातदारांना अनेक वर्षे वेदवाक्य वाटत होती. ती १ मे २०२२ रोजी बंद झाली. दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला हिशेब किती काळ आपल्या हाती राहील हे वहीचा मालक ठरवतो. बाहेरून अंदाज सांगणाऱ्या आजच्या सेवांविषयी एवढेच म्हणतो की त्यांचा नमुना मोठ्या स्थळांना पुरतो, छोट्या मराठी स्थळांना पुरत नाही.

आता त्या मोफत गणकाकडे येतो. आपण पानात दुसऱ्याची स्क्रिप्ट बसवतो तेव्हा तिला आपल्या पानावर जवळजवळ आपल्याइतकाच अधिकार देतो. ती मजकूर बदलू शकते, वाचकाने भरलेला अर्ज वाचू शकते, त्याला दुसरीकडे नेऊ शकते. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी ब्राउझअलाउड या वाचनसाहाय्याच्या स्क्रिप्टमध्ये कोणी तरी घुसखोरी केली आणि ती वापरणारी चार हजारांहून अधिक स्थळे वाचकांच्या संगणकावर गुपचूप आभासी नाणी (क्रिप्टोकरन्सी) खणू लागली. त्यांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचे संकेतस्थळही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅटकाउंटर या प्रसिद्ध मोजणी-सेवेच्याच स्क्रिप्टमध्ये फेरफार झाला. हल्लेखोरांचे लक्ष्य एक आभासी चलनाचा बाजार होता, पण तो कोड असंख्य निरपराध स्थळांवरून वाटला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या, जुन्या ब्राउझरांना मदत करणारी स्क्रिप्ट पुरवणाऱ्या सेवेचा पत्ता नव्या मालकाकडे गेला, आणि ती स्क्रिप्ट वापरणाऱ्या लाखाहून अधिक स्थळांवरच्या वाचकांना भलतीकडे वळवले जात असल्याचे जूनमध्ये उघड झाले. नामांकित सेवांची ही स्थिती असेल तर मालक कोण हेही माहीत नसलेल्या गणकावर आपण कशाच्या बळावर विसंबायचे? मी सांभाळत असलेल्या एका संस्थेच्या स्थळावर असाच एक गणक होता. तो चालवणाऱ्याने आपल्या पत्त्याचे नूतनीकरण केले नाही, पत्ता दुसऱ्याने घेतला, आणि आमच्या फोनवरच्या वाचकांना जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. संगणकावर काहीच दिसत नसल्यामुळे आम्हाला ते कळायला तीन आठवडे लागले, आणि तेही एका वयस्क वाचकाने संकोचत फोन केला म्हणून. वाचकांचा गमावलेला विश्वास कोणत्याही साधनात मोजता येत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मग विसंबावे कशावर? स्वतःच्या गळतीचे माप आधी घ्यावे. आपल्याकडे वर्गणी ऑनलाइन भरली जाते असे आपण लिहिले आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण वर्गणीची नोंद आपल्या सर्व्हरवर होते आणि पैसे बँकेत येतात, तिथे शंकेला जागा नसते. वर्गणी भरल्यानंतर दिसणाऱ्या आभाराच्या पानावर गूगल अ‍ॅनालिटिक्सला पावतीचा क्रमांक कळवा, आणि दर महिन्याला दोन्ही याद्या शेजारी ठेवा. समजा बँकेत पन्नास वर्गण्या आल्या आणि साधनाला एक्केचाळीस दिसल्या, तर त्या महिन्यात, त्या पानावर, नऊ निसटल्या. निसटलेल्या पावत्यांचे ब्राउझर सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहा. दोन-तीन महिन्यांत गळती कोणत्या वाचकांत आहे ते दिसू लागते. वर्गणीदार हा सर्वसाधारण वाचकाचा अचूक नमुना नाही, त्यामुळे हा आकडा सगळ्या स्थळाला सरसकट लावू नका. तरीही कोणाच्या तरी लेखातली टक्केवारी उसनी घेण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

दुसरे, मोजणी शक्य तितकी स्वतःच्या घरी आणा. पूर्वी पिविक या नावाने ओळखले जाणारे मटोमो हे मोजणीचे साधन आपल्याच सर्व्हरवर बसवता येते, कुकीशिवाय चालवता येते आणि सर्व्हरचे लॉगही वाचू शकते. त्यामुळे सफारीची सात दिवसांची अडचण संपत नाही, परंतु डेटा आपल्याकडे राहतो आणि व्याख्या आपल्या परवानगीशिवाय बदलत नाहीत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचाही पाया संमती हाच आहे, त्यामुळे वाचकाची कमीत कमी माहिती साठवणे हे पुढेही सोयीचे ठरेल. जी त्रयस्थ स्क्रिप्ट ठेवाल तिच्यासाठी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी ही ब्राउझरला दिलेली नियमावली लावून घ्या, म्हणजे आपण परवानगी न दिलेल्या पत्त्यावरून कोड उतरणार नाही. आणि वर्गणीच्या पानावर आभाराच्या नोंदीपलीकडे कोणतीही त्रयस्थ स्क्रिप्ट ठेवू नका. त्याबरोबर एक साधी वही ठेवा, त्यात संमतीची पट्टी, स्थळाची नवी मांडणी, साधनाची नवी आवृत्ती यांच्या तारखा लिहा. एकाच साधनाचा, एकाच मांडणीतला, लागोपाठच्या महिन्यांचा कल बऱ्यापैकी भरवशाचा असतो, कारण चूक दोन्ही महिन्यांत साधारण सारखीच असते. मांडणी बदलली की तो भरवसा तिथे संपतो आणि नवी मोजणी सुरू होते.

जाहिरातदाराला नुसता आकडा देऊ नका. गूगल अ‍ॅनालिटिक्समधली पाने पाहिल्याची संख्या द्या आणि ती कोणत्या साधनाची, कोणत्या काळातली आहे ते लिहा. वाचकसंख्येऐवजी पाने का दिली ते एका वाक्यात सांगा: एका माणसाचे सव्वीस होण्याची चूक पानांच्या मोजणीत होत नाही, जाहिरातरोधकामुळे ती कमी मात्र भरते. एडब्ल्यूस्टॅट्सचा तिप्पट आकडा मोहक आहे, पण त्यात यंत्रे आहेत हे आपल्याला ठाऊक असल्यावर तो देणे योग्य नाही. जाहिरातदाराच्या जाहिरातीचा दुवा आपल्या सर्व्हरवरच्या एका पत्त्यावरून पुढे पाठवा आणि ओळखीचे बॉट वगळून क्लिकची नोंद तिथे ठेवा, किंवा आपल्या वाचकांसाठी त्याच्याकडून एक सवलतीचा संकेतांक मागून घ्या. तो संकेतांक सांगून किती गिऱ्हाईक आले हे त्याला त्याच्याच गल्ल्यावर दिसेल.